ठिगळावरचा घाम

इंदिरानगरमध्ये आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात नुकती नोकरी लागली होती, आणि दलाल दाखवेल ते प्रत्येक घर 'एकदम टकाटक' असायचं. या घरमालकांनी मात्र दार उघडल्याबरोबर आम्हाला स्वयंपाकघरातल्या मागच्या भिंतीपाशी नेलं.

"ही ओल," ते म्हणाले. "दर पावसाळ्यात वर चढते. दोनदा गिलावा करून झाला, उपयोग नाही. बाथरूमची कडी लागत नाही, आतून बादली लावावी लागते. वरचे गृहस्थ पहाटे तबला वाजवतात आणि वाईट वाजवतात. समोरच्या बाई आपल्या दाराला कान लावून उभ्या राहतात."

समोरच्या बाई तेव्हा आपल्या दारातच उभ्या होत्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्यानं कसंबसं विचारलं, "आणि घरात चांगलं काय आहे?"

"ते राहिलात की कळेल. चांगलं आपोआप कळतं. दोष सांगावे लागतात."

आम्ही घर घेतलं. इतक्या खोट्या घरांनंतर ते एकच घर खरं वाटलं, एवढंच कारण. तळमजल्यावर ते आणि काकू राहायचे, मधल्या मजल्यावर आम्ही, आमच्या डोक्यावर तबला. आता ते नाहीत. पण अजूनही कुठल्या दुकानात 'माल सुस्थितीत आहे' अशी पाटी दिसली की मला त्यांचा आवाज ऐकू येतो. "सुस्थितीत म्हणजे नीट बघितलेलं नाही."

आयुष्यभर त्यांनी एका सरकारी छापखान्यात छापलेल्या कागदातले दोष हुडकायची नोकरी केली होती. शाई फुटली, रेघ सरकली, काठ तिरका गेला की तो कागद बाजूला. निवृत्त झाल्यावर हा डोळा कुठं न्यावा, हा प्रश्न होता. तो टोप्यांनी सोडवला. देवळालीच्या बाजूला भंगारवाल्याकडे त्यांना एकदा जुन्या फौजी टोप्यांचं खोकं मिळालं, आणि त्या टोप्यांतून ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. जुन्या लष्करी वस्तू जमवणारे लोक जगभर असतात हे मला त्यांच्यामुळं कळलं. या लोकांना टोपी विकत घेण्याआधी तिची अवस्था माहीत हवी असते. किती झिजली आहे, किती मूळची आहे, कुठं कुणी मागाहून दुरुस्ती केली आहे. ती अवस्था लिहून द्यायचं काम आमचे घरमालक करायचे. मुंबईहून, पुण्याहून, कुठून कुठून त्यांच्याकडे टोप्या यायच्या. बघून, लिहून, पुन्हा बांधून ते परत पाठवायचे. पहिल्या खोक्यातल्या टोप्याही त्यांनी जमवणाऱ्यांना देऊन टाकल्या; स्वतःची म्हणावी अशी एकही टोपी घरात नव्हती.

बघायची वेळ सकाळची. उत्तरेच्या खिडकीखाली जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, चादरीवर टोपी. दिवा लावायचा नाही. "दिवा टोपीच्या बाजूनं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. हात धुऊन, पुसून, कोरडे करून ते बसायचे आणि आधी नुसतं बघायचे. मग नाकाजवळ न्यायचे. मग आत बोट फिरवायचे. त्यानंतर मोठ्यानं सांगायला लागायचे आणि मी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. हे काम माझ्याकडे कसं आलं ते आठवत नाही. एक दिवस खालून हाक आली, "टाइप करता येतं ना तुला? ये." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

सांगताना क्रम ठरलेला. दोष आधी. "डाव्या अंगाला कसरीनं खाल्लेली दोन भोकं. मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली, दोरा नवा. कपाळपट्टीवर तेलाचा डाग, खोबरेल." टोपीवरची धूळसुद्धा झटकू द्यायचे नाहीत. टोप्या नव्यानं यायला लागल्या तेव्हा काकूंनी एक टोपी कळकट दिसली म्हणून सोड्यात भिजवली होती. काकू सांगायच्या, "मला वाटलं हा माणूस आता या वयात मला माहेरी पाठवतो. पण नाही. चादरीवर ती ओली टोपी ठेवून तिच्यासमोर बसून राहिले, घरात कुणी गेल्यासारखे."

हा डोळा टोप्यांपुरता राहिला असता तर ठीक होतं. पण तो माणसांवरही फिरायचा. कॉलनीतल्या एका लग्नात स्टेजवर नवरीला आशीर्वाद द्यायला गेले आणि तिच्या आईला म्हणाले, "मुलगी मूळची चांगली आहे. वरचं रंगकाम अनावश्यक." आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. काकूंनी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. माझ्या नवऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगून झालं होतं, "डावा खांदा उतरलाय तुमचा. बाकी ठीक." समोरच्या बाईंचे यजमान गेले तेव्हा सगळे सांत्वनाला गेलो. लोक हळू आवाजात 'देवमाणूस होता' म्हणत होते. आमचे घरमालक त्या बाईंसमोर बसले आणि म्हणाले, "रागीट होते. पण भांडण दुसऱ्या दिवसापर्यंत कधी नेलं नाही." मला वाटलं, आता या बाई ओरडणार. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "हो. असेच होते."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं. तरी भीती गेली नाही. हा माणूस कधीतरी कुणाचं तरी काहीतरी कायमचं मोडून ठेवणार, असं मला वाटत राहायचं.

ते झालं निफाडकडच्या आजी आल्या त्या सकाळी.

द्राक्षांची छाटणी उरकल्यानंतरचे दिवस होते. फाटकाशी मोठी गाडी थांबली. तिच्यातून तिशीतला एक तरुण उतरला आणि त्यानं हात देऊन एका म्हातारीला उतरवलं. ऐंशीच्या आसपासच्या, अंगानं बारीक, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं. नातू द्राक्षबागायतदार होता, पिंपळगावला त्याचं पॅकहाऊस होतं. बोलायला मोकळा, हसतमुख.

"काका, तुमचं नाव लय ऐकलंय," तो बसल्याबसल्या म्हणाला. "आमच्या पणजोबांची टोपी हाय. आजीचे वडील. इंग्रजांच्या काळात पलटणीत होते, लढाईत शहीद झाले. गावात त्यांच्या नावानं कमान बांधतोय आम्ही. टोपी काचेच्या पेटीत ठेवायची, ग्रामपंचायतीत. खाली कार्ड पाहिजे. म्हणजे टोपी कशी, कोणत्या काळातली, काय अवस्थेत. तुमच्या सहीनं. पाहुणे येणारेत मोठे."

"टोपी ठेवून जा. पाहून कळवतो," घरमालक म्हणाले.

"नाय, ठेवायची नाय," आजी म्हणाल्या. "माझ्या म्होरं बघा. ती माझ्या हातातून कुठं जात नाय."

अपवाद म्हणून त्यांनी ते मानलं. काकूंनी चहा केला. आजींनी कापड सोडलं आणि स्वतःच्या हातानं टोपी चादरीवर ठेवली. खाकी कापडाची घडीची टोपी, डोक्यावर तिरकी बसते तशी. बिल्ला नव्हता. मी कॉम्प्युटर उघडून बसले.

"तुम्हाला वडील आठवतात?" काकूंनी आजींना विचारलं.

"मी पाळण्यात व्हते. मी त्यास्नी बघितलंच नाय. आईनंच वाढवलं मला, मळ्यात. दोघीच. लगीनबी गावातच करून दिलं, म्हणून मळा सुटला नाय."

घरमालक तोवर बघत होते. नाकाजवळ नेली, आत बोट फिरवलं, खिडकीकडे धरली, पुन्हा खाली ठेवली. यावेळी फार वेळ लागला. मग नेहमीच्या सपाट आवाजात सुरुवात केली.

"लिही. वरची कड झिजलेली. कापड उन्हानं विटलेलं. बिल्ला नाही, पण बिल्ल्याखालचं कापड विटलेलं नाही, त्यामुळं आकार दिसतो. दोन आकार आहेत. एक राजाच्या मुकुटाचा, पुसट. त्यावर दुसरा, तीन सिंहांचा, ठळक. दोन्हींची भोकं वेगवेगळी. म्हणजे आधी इंग्रजांचा बिल्ला होता, तो काढून आपल्या सरकारचा लावला. दुसरा अनेक वर्षं होता."

मी लिहीत होते. लिहिता लिहिता माझा हात थांबला. मी वर बघितलं. काकूंनी कपबशी टेबलावर ठेवायच्या ऐवजी हवेतच धरली होती.

नातवाला कळायला वेळ लागला. "म्हणजे काय, काका?"

"म्हणजे ही टोपी स्वातंत्र्यानंतर वापरात होती. डोक्यावर."

"पण पणजोबा तर त्याच्या आधीच गेले. आजी पाळण्यात होती तेव्हा."

"तसं टोपी म्हणत नाही."

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, पुरे म्हणून. काकू म्हणाल्या, "अहो, टोपी दुसऱ्या कुणाची असेल. पलटणीतून चुकून आली असेल."

"बरोबर," नातू लगेच म्हणाला. "दुसऱ्याची असंल."

घरमालकांनी आतली कपाळपट्टी दोन बोटांनी उलटी केली. आत शाईचा शिक्का होता, फौजीचा नंबर. ते एकेक आकडा वाचायला लागले. दोनतीन आकडे झाले आणि पुढचे आजींनीच म्हटले. टोपीकडे न बघता, शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसे.

"आमच्या लोखंडी पेटीवर हाय हा नंबर," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या रंगानं. त्याच पेटीत माझे कपडे असायचे."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. घरमालकांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. ते पुढे सांगतच होते.

"आत, पुढच्या बाजूला, ठिगळ आहे. सिंहाच्या बिल्ल्यामागच्या कड्यांनी अस्तर फाटलं, त्या जागेवर. कापड लुगड्याचं, सुती, बारीक चौकडा. टाका हातानं, बाईचा."

"मग पणजीनं शिवली असंल," नातू आता चढ्या आवाजात बोलत होता. "टोपी घरी आल्यावर. जीर्ण झाली म्हणून. काका, तुम्ही उगं काहीतरी..."

"ठिगळावर घाम आहे."

"काय?"

"ठिगळ लावल्यावर टोपी घातली गेली आहे. बराच काळ. कपाळाचा घाम ठिगळातून आरपार गेलाय, हे बघा, मिठाची पांढरी रेघ. घाम जिवंत माणसाला येतो."

मी कॉम्प्युटर मिटला. मला तिथं बसवेना. एका म्हातारीच्या तोंडावर, तिच्या बापाबद्दल, असं? नातू उभा राहिला होता. काकू म्हणाल्या, "अहो, गप्प बसा!" इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पण आजींनी हात पुढे केला. "दावा मला."

घरमालकांनी टोपी उलटी करून त्यांच्या हातात दिली. आजींनी चष्मा नाकावर सरकवला, ठिगळ डोळ्यांजवळ नेलं आणि अंगठ्यानं टाके चाचपले. सावकाश, एकेक.

"दोन म्होरं, एक माघारी," त्या म्हणाल्या. "हा आईचा टाका हाय. माझ्या गोधडीवर हाच हाय. गावात दुसरी कुणी असं शिवत नव्हती." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "एवढ्या वर्षांत मी हिला आतून कधी बघितलीच नाय."

नातू मटकन खाली बसला.

आजींनी टोपी मांडीवर ठेवली. त्या रडतील असं मला वाटत होतं, पण त्या भिंतीकडे बघत होत्या, काहीतरी जुळवत असल्यासारख्या.

"वटपौर्णिमा असली की आईचं पोट बिघडायचं," त्या म्हणाल्या.

आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"दर साली. सकाळपासून काय खायची नाय. मी म्हनायचे, आई, भाकर खा. तर म्हनायची, पोटात दुखतंय गं. गावातल्या बाया वडाला जायच्या, आई पोट धरून पडायची. मी लहान व्हते. मला वाटायचं, विधवा बाई, तिला वाईट वाटत असंल." त्या थांबल्या. "मी न्हाती झाले त्या साली एक माणूस आला. बाहेर उभ्या उभ्या गाठोडं दिलं आणि गेला. त्यात ही टोपी. आई म्हनली, तुझ्या बापाची, पलटणीनं उशिरानं धाडली. ती लय रडली त्या दिवशी. आणि त्या सालापासून..."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या सालापासून वटपौर्णिमेला तिचं पोट कधी दुखलं नाय."

काकूंनी तोंडावर पदर दाबला. मी कुठं बघावं ते मला कळेना. ऐंशी वर्षांच्या त्या बाईला एका टोपीनं एकाच सकाळी बाप दिला होता आणि परत नेलाही होता. आणि तिच्या आईनं खरोखरचं वैधव्य आलं त्या दिवशी कुणाला काही न सांगता रडून घेतलं होतं, कारण जगाच्या लेखी ती कधीचीच विधवा होती.

"का गेला असंल सोडून?" आजींनी घरमालकांना विचारलं. "ते हाय का टोपीत?"

"नाही," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडून मी कधीच न ऐकलेला शब्द आला. "माफ करा. तेवढं टोपीला माहीत नसतं."

नातू म्हणाला, "काका, जे झालं ते या खोलीत राहू द्या. कार्डावर नुसतं शहिदाची टोपी लिहा. अवस्था जीर्ण. बास."

"मग मी लिहीत नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"कमान अर्धी उभी हाय! गावात काय तोंड दाखवू मी?"

"लिहा," आजी म्हणाल्या. त्या नातवाकडे बघत नव्हत्या. "सगळं लिहा. ठिगळ लिहा, घाम लिहा. आणि टाका कुणाचा तेबी लिहा. माझ्या आईचं नाव लिहा."

आमच्या घरमालकांनी आजवर एकाही टोपीच्या वर्णनात माणसाचं नाव घातलं नव्हतं. जिथं कुणी केलेली दुरुस्ती दिसायची तिथं ते 'अनोळखी हात' असं लिहायला सांगायचे. त्या दिवशी त्यांनी आजींना त्यांच्या आईचं नाव विचारलं, पूर्ण नाव, आणि मला ते दोनदा वाचायला लावलं.

ते दोघं गेल्यावर त्यांनी चादर आवरली नाही. जेवायलाही बसले नाहीत. संध्याकाळी मी खाली गेले तर पाठमोरे खिडकीत उभे होते. काकूंना विचारत होते, "मी बोलायला नको होतं का?"

काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली. हे आज पहिल्यांदा विचारताय."

त्यांनी उत्तराची वाट बघितली. काकूंनी भाजीची पुढची जुडी सोडली.

पुढचे दोनतीन आठवडे त्यांच्याकडे टोप्या येत राहिल्या, पण ते त्या बांधलेल्याच ठेवत. मग एक दिवस आजींचा फोन आला. कमानीचं उद्घाटन होतं. "या," त्या म्हणाल्या. "आणि ते लिव्हलेलं घेऊन या. तुमच्या हातानं ठेवा."

आम्ही चौघं आमच्या गाडीतून गेलो. काकू वाटभर म्हणत होत्या की आपण जायला नको, तिथं मार खाऊ. निफाड ओलांडून उसाच्या गाड्यांच्या मागून रखडत पोहोचलो तेव्हा मांडव भरला होता. कमानीवर कापड टाकलेलं. तिथंच नातू मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पाया पडतो. काकांच्या हातात माइक जाऊ देऊ नका. मी पाटीवरून शहीद शब्द काढलाय. नुसतं नाव ठेवलंय. लोकांना वाटंल कारागीर विसरला. एवढ्यावर भागू द्या."

मला त्याची कीव आली. तो वाईट नव्हता. गावापुढे मान ताठ ठेवायला त्याच्याकडे एकच पूर्वज होता.

भाषणं झाली. प्रत्येक जण पणजोबांना नव्या लढाईत मारत होता. घरमालक खुर्चीच्या कडेवर बसले होते, मांडीवर कार्ड, आणि प्रत्येक वाक्याला त्यांचा जबडा आवळत होता. मी आणि काकू दोन्ही बाजूंनी त्यांच्या दंडाला हात लावून बसलो होतो. पण ते उठलेच नाहीत. उठल्या आजी.

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या नातवाचा हात झिडकारून पायऱ्या चढल्या, ज्यानं माइक धरला होता त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा बाप लढाईत मेला नाय."

मांडवात आधी कुणाला ऐकूच गेलं नसावं. मग मागच्या रांगांपर्यंत माना वर होत गेल्या.

"तो जित्ता होता. मी न्हाती होईपर्यंत जित्ता होता. माझ्या आईनं त्याच्या टोपीला ठिगळ लावलं आणि त्यानं ती घातली. या साहेबांनी लिव्हलंय सगळं. तुम्ही माझ्या आईला कधी हळदी-कुंकवाला बोलावलं नाय. रंडकी म्हणून बाजूला बसवलं, लग्नात, बारशात. तिचा नवरा जित्ता असताना. का सोडून गेला ते मला ठाव नाय. पर तिनं ते एकटीनं सोसलं. कमान बांधायची तर तिच्या नावानं बांधा."

सरपंच खुर्चीतून अर्धे उठले. नातवानं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. मागं कुजबूज सुरू झाली, कुणीतरी म्हणालं, म्हातारीला चळ लागला. मला वाटलं, आता गोंधळ होणार, आणि त्याला कारण आम्ही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. प्लास्टिकच्या खुर्चीत एक फार म्हातारी बाई बसली होती, आजींपेक्षाही पंधरा वर्षांनी थोरली, अंगाचं मुटकुळं झालेलं. आजींच्या मळ्याशेजारचा मळा तिच्या सासरचा होता, हे मला मागाहून कळलं.

"ए पोरी," ती आजींना म्हणाली. ऐंशी वर्षांच्या आजींना. "खाली ये. एकटीनं नाय सोसलं तिनं."

आजी माइकपाशी तशाच उभ्या.

"आम्हाला ठाव होतं," म्हातारी म्हणाली. "मळ्यातल्या आम्हा तिघीचौघींना. त्यानं तिकडं छावणीच्या गावाला दुसरी केली. तुझ्या आईला कळलं तशी तिनं सोताच्या हातानं कुंकू पुसलं आणि गावात सांगितलं, वारला म्हणून. माझ्यापुरता मेला, म्हनली. सासू-सासरे नव्हते, इचारणारं कोण? मी नवी नवरी व्हते तवा. मला तिनंच सांगितलं. आणि हळदी-कुंकवाचं म्हनतीस, तर दर संक्रांतीला आम्ही परसदारी जाऊन तिची ओटी भरायचो. ती नको नको म्हनायची. पर उभी ऱ्हायची."

माझ्या शेजारी घरमालक उठून उभे राहिले होते. कार्ड त्यांच्या मांडीवरून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. "हे टोपीत नव्हतं," ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. त्यांचा चेहरा इतका उघडा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

आजी पायऱ्या उतरून आल्या. म्हातारीच्या खुर्चीपाशी, सतरंजीवर, खाली बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"टोपीला ठिगळ कवा लावलं मग तिनं?"

"येत व्हता की तो. वर्साकाठी, सुगी झाली की. अंधार पडता पडता यायचा, उजाडायच्या आत जायचा. ती त्याला वाढायची, कापडं शिवायची. बोलायची नाय. तो खाली मान घालून जेवायचा."

"आणि मी? मी कुठं व्हते?"

म्हातारीनं आजींकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

"तू? तू त्याच्या मांडीवर. तुला काय सांगणार, म्हणून तिनं तुला शिकवलं व्हतं, मामा म्हणायचं. पलटणीतला मामा."

आजींचं तोंड उघडं राहिलं. त्यांचा हात म्हातारीच्या गुडघ्यावरून सुटून सतरंजीवर पडला. काकू धावत जाऊन त्यांना सावरायला खाली बसल्या. मीही गेले. आजींना आमच्यातलं कुणी दिसत नव्हतं. त्या मांडवाच्या तोंडाकडे बघत होत्या, जिथून बाहेरचं ऊन आत येत होतं.

"उंच होता गं," त्या म्हणाल्या. "दारातून वाकून यायचा."